शनवार तेली, पाद्री आणि पश्चात्तापाची परीक्षा

कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत तेलाचा घाणा आठवड्याचे सहा दिवस कुरकुरायचा. डोळ्यांना झापडं बांधलेला बैल गोल गोल फिरे, लाकडी लाट तीळ नाहीतर खोबरं रगडत राही आणि खालच्या भांड्यात तेल ठिबके. शुक्रवारी दिवस मावळला की मात्र बैल सोडायचा, तो शनिवारची संध्याकाळ टळेपर्यंत पुन्हा जुंपायचा नाही. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली होतेच. ते सोमवार तेली, तर हे शनवार तेली. शेजाऱ्यांनी एवढ्यावर हिशेब मिटवला. शनिवारीच का, हे विचारत बसायची कोणाला गरज वाटली नाही.

ही मंडळी स्वतःला बेने इस्रायल म्हणवत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा आपण वंश, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ती गावोगाव पांगली आणि ज्या गावात घाणा मांडला त्या गावाचं नाव आडनाव म्हणून लावू लागली. पेणचे पेणकर, वाक्रुळचे वाक्रुळकर, रोह्याचे रोहेकर आणि कुंडलिका नदी ओलांडली की समोरच्या अष्टमीचे अष्टमकर. बोली मराठी, बायकांचं नेसणं नऊवारी. वर्षातून एक दिवस मात्र हे लोक घरात शिरून दार लावून घेत आणि दिवसभर कोणाला तोंड दाखवत नसत.

त्या दिवसाला ते दरफाळणीचा सण म्हणत. यहुदी पंचांगातला सातव्या महिन्याचा दहावा दिवस, म्हणजे यहुदी जगाचा योम किप्पूर, वर्षभराच्या पापांची क्षमा मागण्याचा दिवस. त्याआधी नव्याचा सण, मग खिरीचा सण, त्यानंतर दरफाळणी आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण अशी ती ओळ लागे. या सणांच्या आधीच्या महिन्यातल्या उपासांना चक्क रमजान हे नाव होतं आणि वसंतातल्या पुरिमला होळीचा सण. शेजाऱ्यांकडून नावं उसनी घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. दरफाळणीला अंगावर पांढरी वस्त्रं, पोटात अन्नपाण्याचा कण नाही, घराचं दार बंद आणि परक्या माणसाचा स्पर्शसुद्धा वर्ज्य. दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाला दार उघडे, गोरगरिबांना दानधर्म होई, एकमेकांकडे जाणंयेणं सुरू होई.

एवढं सगळं ते करत होते, पण ते कशासाठी करायचं हे सांगणारं पुस्तक त्यांच्यापाशी नव्हतं. हिब्रू कोणाला येत नव्हती. ‘शमा’ या एका प्रार्थनेचे शब्द तेवढे तोंडी उरले होते आणि सुंता असो, लग्न असो की मयत, तेच म्हटले जात. प्रार्थनामंदिर नव्हतं, धर्मगुरू नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांनी याला अज्ञान म्हटलं आणि समाजातल्या शिकलेल्यांनीही पुढे तो शब्द उचलला. वाचता न येणारी माणसं शेकडो वर्षं वर्षातला तो एक दिवस चुकू देत नाहीत, हे अज्ञान कसलं? शब्द हरवल्यावरही जे शरीराच्या लक्षात राहिलं, ते होतं उपास, पांढरं वस्त्र आणि लावलेलं दार.

त्यांची पहिली परीक्षा झाली ती स्वयंपाकघरात. डेव्हिड रहाबी नावाचा कोणी यहुदी या भागात आला अशी समाजात कथा आहे. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. शनिवार पाळणारे हे तेली खरोखर आपल्यातले का, हे पाहायला त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी उचलली, बाकीची बाजूला सारली. मोशेच्या नियमशास्त्रात नेमकं हेच सांगितलं आहे. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतली माणसं निवडून शिकवली आणि त्यांच्याकडे काजीपण, म्हणजे धर्मविधी चालवण्याचं काम आलं.

पश्चात्ताप खरा की खोटा, उपासना मनापासूनची की दाखवण्यापुरती, हे तपासायला बाहेरून कोणीतरी येतो, अशी गोष्ट या किनाऱ्यावर त्यानंतर पुन्हा पुन्हा घडली.

रोह्याहून कुंडलिका पश्चिमेला जाते आणि रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या मुखावर सोळाव्या शतकात पोर्तुगीज येऊन बसले होते. १५०८ मध्ये चौलच्या समुद्रात झालेल्या लढाईत त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरी पुढे त्यांनी रेवदंड्याला कोट बांधला आणि १५९४ मध्ये खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरही घेतला. कोटाच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा पंथांची मठ-देवळं उभी राहिली. त्यांतल्या फ्रान्सिस्कनांच्या देवळाचा मनोरा आज नारळीच्या बागांतून वर डोकावतो. गावकरी त्याला सातखणी म्हणतात.

या ख्रिस्ती जगात पश्चात्तापाची रीत बांधून दिलेली होती. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायचीच, असा नियम केला होता. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद देऊन जपलेल्या झावळ्या जाळून ती राख करतात आणि धर्मगुरू बोटाने ती कपाळावर लावतो. माणूस मातीचा आहे आणि मातीतच जाणार आहे, याची ती आठवण. म्हणजे खाडीच्या मुखावरचा ख्रिस्ती शेतकरी आणि वरच्या अंगाचा शनवार तेली, दोघांचंही पापाचं वर्ष ठरलेल्या वेळी संपत होतं. एकाला कबुली ऐकणारा कान लागे. दुसरा दार लावून थेट देवाशी बोले.

याच राजवटीत पश्चात्ताप सक्तीनेही वसूल होत असे. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेलं इन्क्विझिशनचं न्यायालय १८१२ पर्यंत टिकलं आणि पोर्तुगिजांची उत्तरेकडची ठाणीही त्याच्या अखत्यारीत होती. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य १६७३ मध्ये दमणला पकडला गेला. १६७६ च्या जानेवारीत गोव्यात त्याला मेणबत्ती हातात देऊन, पश्चात्तापाचा झगा घालून, शेकडो लोकांसमोर मिरवत नेलं आणि शिक्षा सुनावली. पुढे युरोपात परतल्यावर त्याने हे सारं लिहून छापलं. पोर्तुगीज भिंतींच्या आत यहुदी धर्म गुपचूप पाळणं हा गुन्हा होता. पेण-रोह्याचे तेली त्या भिंतींबाहेर होते. पुस्तक हरवलेलं असणं, कोणाच्या फार नजरेत न भरणं, हे त्यांना त्या काळात फायद्याचंच ठरलं असणार.

१७४० मध्ये मराठ्यांशी तह झाला, चौल गेलं आणि पोर्तुगीज अधिकारी निघून गेले. कोर्लईच्या डोंगराखालचे ख्रिस्ती शेतकरी मात्र जागचे हलले नाहीत. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली त्यांची बोली आजही घराघरात बोलली जाते. क्लान्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला मोकळीक दिली, तेव्हा या गावाच्या देवळात मराठी आली. त्याआधी लॅटिन रीतीच्या इतर कॅथलिक देवळांसारखी इथेही मिस्सा ही उपासना लॅटिनमध्येच चाले. म्हणजे न कळणाऱ्या भाषेतल्या शब्दांवर श्रद्धा ठेवणारे एका बाजूला आणि शब्दच गमावलेले दुसऱ्या बाजूला.

मग आले प्रोटेस्टंट, आणि त्यांना हे दोन्ही नामंजूर होतं. माणसाला कळेल अशा भाषेत त्याने देवाचं वचन वाचावं, स्वतःचं पाप ओळखावं आणि मन पालटावं, असा त्यांचा आग्रह. गॉर्डन हॉल आणि त्याचे अमेरिकन सोबती १८१३ मध्ये मुंबईत उतरले. डोनाल्ड मिचेल हा पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात असलेला स्कॉटिश पाद्री १८२३ मध्ये सावित्रीच्या मुखावर बाणकोटला आला आणि त्याच वर्षी वारला. त्याच्या मागून आलेल्यांनी बाणकोट-हर्णैला शाळा चालवल्या. १८२९ मध्ये आलेल्या जॉन विल्सनने मराठीचे पहिले धडे याच भागात गिरवले. त्याच्या नावाचं कॉलेज पुढे मुंबईत उभं राहिलं.

बाप्तिस्मा द्यायच्या बाबतीत ही मंडळी फार चिकट. कोणी नोकरीसाठी येतो का, कर्ज झालंय म्हणून येतो का, दुष्काळात पोटासाठी येतो का, हे खोदून खोदून बघत, महिनोन्‌महिने थांबवून ठेवत. अमेरिकनांनी पहिला बाप्तिस्मा दिला तो १८१९ मध्ये, येऊन सहा वर्षं झाल्यावर. तो घेणारा कादर यार खान हा मुसलमान होता. ‘खरा पश्चात्ताप’ दिसल्याशिवाय पाणी शिंपडायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. तो प्रामाणिकपणाचा होता हे मान्य करायला हवं. पण पश्चात्ताप दिसतो कसा, याचं माप त्यांनी आपल्या देशातून बरोबर आणलं होतं.

अशा लोकांना कुलाब्यात शनवार तेली भेटले तेव्हा त्यांना घबाड सापडल्यासारखं वाटलं. जुन्या करारातलीच माणसं, मराठी बोलणारी! फक्त आपला ग्रंथ विसरलेली. तो त्यांच्या हाती दिला की पुढची पायरी ती आपसूक चढतील, असा पाद्र्यांचा हिशेब. अमेरिकनांनी कोकणात शाळा काढल्या. त्यांत बेने इस्रायल मुलं आली आणि मास्तर म्हणूनही त्यांच्यातली माणसं लागली. विल्सनने तर १८३२ मध्ये खास त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मराठीतला नवा करार १८२६ मध्ये पुरा झाला होता. संपूर्ण बायबल १८४७ मध्ये आलं.

मुलं शिकली. उत्पत्तीची गोष्ट, मोशेची गोष्ट, संदेष्ट्यांची वचनं त्यांनी मराठीतून वाचली आणि घरी जाऊन आईबापांना वाचून दाखवली. आणि आईबापांना पहिल्यांदा कळलं की शनिवारी घाणा का बंद असतो, खवल्याचीच मासळी का घ्यायची, दरफाळणीला दार लावून आपण कोणाची क्षमा मागतो. पाद्र्यांनी पेरलं एक आणि उगवलं भलतंच. धर्म बदलणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले, बाकीचे अधिक पक्के यहुदी झाले. याच सुमारास कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी उपासनेची रीत शिकवली. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं होतंच. आता गावोगाव ती उभी राहू लागली. रेवदंड्याला १८४२ मध्ये, अलिबागला १८४८ मध्ये आणि पेणला १८६३ मध्ये. लोक त्यांना मशीद म्हणत आणि त्यावर कोणी हरकत घेत नसे.

जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना एकामागून एक मराठीत आणल्या. दार लावून मुकाट बसण्याच्या दिवसाला त्यामुळे शब्द मिळाले. हैम सॅम्युएल किहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली आणि समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला. गावाकडच्या सणांचे बारकावे आज ठाऊक आहेत ते बरेचसे त्यांच्यामुळे. मिशनऱ्यांनी आपल्याला विद्या दिली हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवलं, त्यांचा धर्म मात्र घेतला नाही. त्यांच्या इतिहासाचं हस्तलिखित पुस्तकरूपात आलं १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी.

१८८० च्या सुमारास आणखी एक गंमत झाली. बेने इस्रायलांनी कीर्तन सुरू केलं. बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारखी माणसं उभी राहून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी-दिंडीच्या चालींवर रंगवू लागली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, पेटी, सगळं हरदासी थाटात. त्याआधी अहमदनगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ते बहरात आणलं. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. परक्या चालींच्या भाषांतरित गीतांनी मराठी माणूस देवापुढे मोकळा व्हायचा नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांची गीतं ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. पाप कबूल करायला माणसाला आपली चाल लागते, हे त्यांनी आणि अष्टमकरांनी वेगवेगळ्या देवळांत बसून ओळखलं होतं.

दार लावून केलेल्या पश्चात्तापाचं अगदी दुसरं टोक दिसलं ते घाटावर, केडगावला. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात तेव्हा दुष्काळातून आणलेल्या मुली आणि टाकलेल्या बायका शेकड्यांनी राहत होत्या. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं. सत्तरेक जणी आल्या आणि महिन्यांगणिक गट वाढत गेला. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगात आग उतरल्यासारखं झालं. जवळची मुलगी पाण्याची बादली आणायला धावली आणि येऊन पाहते तर आग कसली नाहीच. दुसऱ्या दिवशी रमाबाई शिकवत असताना सगळी सभाच रडू लागली. मुली मोठमोठ्याने आपली पापं सांगू लागल्या, धरलेले हेवेदावे कबूल करू लागल्या. शाळेचे वर्ग थांबले, तासन्‌तास प्रार्थना चालली. मिनी एब्रम्स या त्यांच्या सहकारी बाईंनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते जगभर गेलं. वेल्समध्ये आदल्याच वर्षी अशी लाट उठली होती.

इथेही परीक्षक हजर झाले. हा गोंगाट आहे, उन्माद आहे, पोरी एकमेकींचं पाहून करतात, अशी टीका गोऱ्या मिशनऱ्यांतूनच झाली. रमाबाईंनी ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या पत्रातून उत्तर दिलं. हिंदी ख्रिस्ती माणसं आपल्या रीतीने देवापुढे रडली, ओरडली, टाळ्या वाजवल्या तर ती पाश्चात्त्य शिस्तीत बसलीच पाहिजेत असं कुठे आहे, असा त्यांचा रोख होता. एरवी त्या भावनेच्या आहारी जाणाऱ्या बाई नव्हेत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीने अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते सदनातल्या बायकांनीच जुळवून छापलं. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये पुरा झाला.

आता पुन्हा शनवार तेल्यांच्या मुलखात येऊ. पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ मध्ये विनोबा भाव्यांचा जन्म झाला. आजोबा शंभुराव पूजा करत असताना एकदा मूर्तीवर विंचू येऊन बसला, त्याची आठवण विनोबा सांगत. घरातले मारायला धावले. तो देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला हात लावायचा नाही, असं म्हणून आजोबांनी त्याच्यासकट पूजा पुरी केली. थोड्या वेळाने विंचू निघून गेला. याच विनोबांनी पुढे नवा करार अनेकदा वाचून ‘ख्रिस्तधर्म-सार’ तयार केलं. त्यांनी नुसती वचनं निवडून लावली, वर आपलं भाष्य लादलं नाही. धर्म न बदलता ख्रिस्ताच्या उपदेशापाशी जायची ही तऱ्हा शनवार तेल्यांच्या तऱ्हेला फार दूरची नाही.

आश्रयाला आलेल्याचं काय करायचं, हा आजोबांपुढचा प्रश्न पुढे विनोबांपुढेही आला. मे १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यातून पायी गेले, तेव्हा वीसेक दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. मध्य प्रदेशच्या पोलीस दलाचे तेव्हाचे प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. वर्षानुवर्षं जिवावर उदार होऊन झगडणाऱ्या पोलिसांचं काय, आणि हे खरंच सुधारले याची हमी कोण देणार, असा त्यांचा सवाल. तो गैर म्हणता येत नाही. ज्यांची माणसं मारली गेली त्यांच्या वतीने कोणीतरी विचारायलाच हवं होतं. दरोडेखोरांवर खटले चालले, काहींना शिक्षा झाल्या. मन पालटल्याने कायदा सुटत नाही, हे विनोबांनाही मान्य होतं.

शनवार तेल्यांची परीक्षाही संपली नव्हती. १९४८ नंतर पेणकर, रोहेकर, अष्टमकर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे त्यांची सगळ्यांत कडक परीक्षा झाली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सांगितलं की बेने इस्रायलांच्या वधूवरांच्या मागच्या पिढ्या तपासा, घराण्यात परका कोणी शिरला होता का, धर्माच्या नियमाविरुद्ध पुनर्विवाह झाला होता का, ते बघा. शतकानुशतकं कोणी धर्मगुरू नसताना ज्यांनी दरफाळणी पाळली, त्यांच्याकडे आता कागद मागितले गेले. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये सरकारने जाहीर केलं की बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत. धर्मपीठानेही आदेश बदलला. त्यातलं ‘बेने इस्रायल’ हे नाव काढून, ज्याच्या यहुदीपणाबद्दल शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, असा मजकूर घातला.